जित्याचा म्हाळ

अंदमानला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, समुद्राच्या तळाला जाऊन मासे बघितलेस का? नाही बघितले. निळं पाणी आणि पांढरी वाळू ज्यांना हवी असेल त्यांनी हे इथंच सोडून द्यावं. माझ्या फोनमध्ये तिथल्या एका घराच्या दाराचा फोटो आहे, आणि तोही पावसात हललेला. मी एका घरफोड्याचा माग काढायला गेले होते. तो मरून कैक वर्षं झालीत. पण त्याच्या चोरीची शिक्षा अजून चालू आहे, ती कोल्हापूर जिल्ह्यात, आणि ती भोगणारी माणसं मला माहीत आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

कळंबा

आमची समिती कच्च्या कैद्यांच्या घरच्यांसाठी काम करते. म्हणजे पत्रकं काढते, वकील गाठून देते आणि कळंब्याच्या तुरुंगाबाहेर भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना कुठला कागद कुठं द्यायचा ते सांगते. तिथंच झाडाखाली मला दत्तूतात्या भेटले. मुरगूडकडच्या एका वाडीतले, ऐंशीच्या आसपासचे, कानाला जरा कमी. त्यांचा नातू दुधाचा टेम्पो चालवतो. गावात एका बंगल्यात चोरी झाली आणि तपास करणाऱ्यांनी सगळ्यांत आधी त्याला उचललं. पुरावा काय? तर म्हणे, "तुमचं घराणंच त्यातलं."

पुढं खरा चोर दुसऱ्याच तालुक्यात सापडला आणि पोरगा सुटला. मी तात्यांना म्हटलं, चला, मिटलं.

"पोरगा सुटला गं," तात्या म्हणाले. "पर उचलताना जे म्हंटलं त्ये कोण माघारी घ्यायचं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा पणजा येसबा. तरणाताठा असताना बेळगावच्या पेठेत रात्री घर फोडताना सापडला. बेळगाव इंग्रजांचं, त्यामुळं कोर्टही त्यांचंच. जन्मठेप झाली आणि काळ्या पाण्यावर गेला. मागं बायको आणि एक लहान पोरगं. बस, एवढंच. त्याला शंभरावर वर्षं झाली, पण वाडीत ह्या घराला आजही 'फोड्याचं घर' म्हणतात. लग्नाची बोलणी आली की कुणीतरी पाव्हण्यांच्या कानाला लागतंच.

पण तात्यांचं दुखणं वेगळंच होतं. पितृपंधरवड्यात त्यांची सगळी भावकी थोरल्या घरी एकत्र म्हाळ घालते. गेलेल्या एकेका माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, त्याला जेवायला बोलवायचं, त्याच्या नावाचं पान वाढायचं. येसबाचं नाव घेत नाहीत.

"माझ्या बाच्या ल्हानपणी घ्यायचे म्हणं," तात्या म्हणाले. "येसबा असायचा त्यात. मग एका साली बंदच केलं. का, त्ये कोण सांगत न्हाय. मी मेलो की माझं नाव घेतील, माझ्या बाचं घेत्यात, आज्याचं घेत्यात. मधी एकच माणूस उपाशी. माझ्या डोळ्यादेखत त्येचं नाव त्या घरात घेतलेलं ऐकायचं हाय. दुसरं काय बी नगं."

मी त्यांच्याबरोबर थोरल्या घरी गेले. भावकीचे कारभारी शंकरआबा, माजी सरपंच, आवाज असा की तालमीतनं बोलतायत असं वाटावं. त्यांनी चहा पाजला आणि साफ सांगितलं, "चोराला पंगतीला बोलवाय लावतीस व्हय? अगं, देशासाठी गेलता असा कागद आण की! मग म्हाळच काय, चौकात फलक लावतो त्येचा. आमदाराच्या हस्तं."

झालं. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तिथंच तयार झाला. सावकारशाहीला हादरा देणारा विस्मृत वीर! घर सावकाराचं असणार, आत कुळांची कर्जखतं असणार, आणि येसबानं ती जाळली असणार. पुरावा तेवढा राहिला होता. सगळं कोल्हापूर गणपतीच्या मांडवात असताना मी पत्रकाच्या प्रती आधीच काढून, पाठीला सॅक मारून निघाले.

पोर्ट ब्लेअर

शहराचं नाव आता बदललंय. पाट्यांवर नवं नाव आहे, रिक्षावाल्यांच्या तोंडात जुनंच. येसबाला इथं जहाजाच्या तळघरात बेड्या घालून आणलं. मला विमानात चहा हवा का विचारलं.

गणपतीच्या दिवसांत तिथं जाऊ नये. आभाळ सारखं गळत असतं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. खायला मासे आणि भात, भात आणि मासे. रस्सा नारळाच्या दुधातला, गोडसर. आम्ही रश्श्यानं नाक वाहिलं नाही तर जेवलो असं धरत नाही. तिसऱ्या दिवशी मी हॉटेलात सुकी लाल मिरची मागून घेतली आणि भातावर चुरली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचं बंगाली कुटुंब जेवायचं थांबून माझ्याकडं बघत बसलं.

लॉजचा मालक स्वतःच कैद्याचा वंशज निघाला. इथं तसे पुष्कळ आहेत. त्यांना 'लोकल बॉर्न' म्हणतात. मद्रासी, पंजाबी, बंगाली, मराठी अशा कैद्यांची लग्नं एकमेकांत झाली आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी तयार झाली. मी विचारलं, तुमच्याकडं कुणी विचारत नाही का, आजा कशात आत गेला होता?

तो हसला. "यहाँ किससे कौन पूछेगा? जो पूछेगा, उसका भी दादा वही था."

मला आमची वाडी आठवली. अख्ख्या वाडीत चोर एकच, मग बाकीच्यांची चैन.

मी त्याला येसबाचं नावगाव सांगितलं, आणि त्यानं दोन दिवस फोनाफोनी केली. तोवर मी तुरुंग बघून घेतला.

तुरुंग

पंख्याच्या पात्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. कोठडीत उभं राहिलं की समोर दुसऱ्या इमारतीची पाठ दिसते. माणसाला माणसाचं तोंड दिसू नये, एवढा विचार करून बांधलेलं काम. मी एका कोठडीत आत गेले आणि गाईडला म्हटलं, दार लावा. त्यानं कडी घातली. बाहेर पर्यटक चिप्स खात होते. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं मनात येईल. आलं एवढंच, की इथं लघवीला कुठं जायचे? गाईड म्हणाला, मडकं असायचं, आणि वेळा ठरलेल्या.

संगमरवरावर राजबंद्यांची नावं कोरली आहेत, प्रांतवार. असायलाच हवीत. त्यांनी जे सोसलं त्याला मी हात जोडले. पण मी सगळ्या पाट्या वाचल्या, आणि मग गाईडला विचारलं, "हे बांधलं कुणी?"

"अंग्रेज़ों ने."

"इंग्रजांनी विटा उचलल्या?"

"नहीं, वो तो... क़ैदियों ने."

"कुठल्या कैद्यांनी?"

"वो साधारण क़ैदी. चोर, डाकू, खूनी." तो जरा वैतागला. "मैडम, उनका नाम कौन लिखेगा?"

बरोबर आहे. जंगल तोडलं चोरांनी, खाजणं बुजवली चोरांनी, ह्या भिंती चढवल्या चोरांनी. तापानं, मारानं, सापानं मेले त्यातलेच बहुतेक. त्यांनी गुन्हे केले होते, मान्य. पण शिक्षा म्हणून राबवलेला माणूस राबलाच नाही असं धरायचं, हा कुठला न्याय? संध्याकाळी तिथं दिवे आणि आवाजाचा खेळ होतो. मी बघितला. त्यात सगळे बोलतात, झाडसुद्धा बोलतं. घरफोड्या बोलत नाही.

रात्री लॉजवर मालक म्हणाला, "मिल गया. बम्बईवाले का खानदान. खाड़ी के उस पार."

"बम्बईवाला? तो कोल्हापूरचा होता!"

"यहाँ आप सब बम्बईवाले हो."

कोल्हापूरच्या माणसाला मुंबईकर म्हणणं म्हणजे काय, हे त्याला समजावण्याचा नाद मी सोडला.

खाडीपलीकडं

चाथमच्या धक्क्यावरून माणसं, मोटारसायकली आणि शेळ्या एकाच बोटीत पलीकडं जातात. उतरताना फळीवर शेवाळ होतं. मी घसरले, गुडघ्याएवढ्या चिखलात बसले आणि सॅकमधला पत्रकांचा गठ्ठा भिजून लगदा झाला. विस्मृत वीराचा मथळा सगळ्या कागदांवर निळा पसरला होता. बसनं पुढं गेले, मग चालत. दोन्ही बाजूंना सुपारी, केळी, नारळ, आणि मध्ये पत्र्याचं छप्पर असलेली लाकडी घरं.

नानींचं घर शेवटचं होतं. येसबाची नात, वयानं आमच्या तात्यांएवढीच असेल. बारीक, काळीसावळी, चष्म्याला दोरा बांधलेला. मी पायरीखाली उभी राहिले. पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले. आपल्याकडं अशा पायांनी कुणाच्या घरात शिरत नाहीत, म्हणून मी बाहेरूनच सुरू केलं, "नमस्ते नानी, मैं कोल्हापूर से—"

"अंदर आओ."

"पहले बता दूँ, किस काम से—"

"अंदर आ के बताओ."

"पैर गंदे हैं, नानी. यहीं ठीक हूँ. थोड़ा पानी मिलेगा?"

म्हातारी एकदम भडकली. "पानी अंदर मिलेगा! बाहर एक घूँट नहीं. इस घर में दरवाज़े पे किसी को न खिलाते, न पिलाते. आना है तो आओ, नहीं तो जाओ."

मी तशीच आत गेले. स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर माझ्या पायांचे ठसे उमटत गेले. आत एक मच्छीवाला टोपली घेऊन सोफ्यावर ऐटीत बसला होता. "बैठो, बैठो," तो मला म्हणाला. "मैं भी अंदर बैठ के ही मच्छी बेचता हूँ. पूरे गाँव में बस यही एक घर है, जहाँ मेरी मच्छी सोफ़े तक आती है."

"और बास भी," नानी म्हणाल्या.

जेवायला बसवलं. नाव अजून विचारलं नव्हतं. भात, माशाचा रस्सा, आणि बशीत हिरवं काहीतरी. मी बोट लावलं. दगडावर रगडलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ. मी अजून एक बोट चाटलं.

"नानी, इसको क्या कहते हैं?"

"खरडा."

"ये कौन सी भाषा है?"

"भाषा क्या? हमारे घर का नाम है."

नानी आजवर कोल्हापूरला आल्या नव्हत्या. त्यांचा बापही नाही. पण खर्ड्यात लसूण किती घालायचा हे त्या घराला बरोबर माहीत होतं. आता मला दुसरा कुठला कागद नको होता.

जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आले. म्हटलं, येसबा देशासाठी लढले ना? नानींनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या खोकला लागेपर्यंत हसल्या.

"चोर थे, बेटी."

"सावकार के काग़ज़ जलाये होंगे. ग़रीबों के लिए..."

"गहने थे. जुए का शौक़ था उनको. जिसका घर था वो जाग गया, तो उसका हाथ तोड़ दिया. वो खुद मेरे बाबा को बताते थे. गहनों पे कभी नहीं रोये. हाथ वाली बात पे बुढ़ापे तक रोते थे."

जुगार. पोटासाठीसुद्धा नाही. मला येसबाचा राग आला, आणि खरं सांगायचं तर माझा वेळ फुकट गेल्याचा जास्त आला. तात्यांना काय सांगू? आबांना काय तोंड दाखवू?

नानी मात्र सांगत होत्या. आधी कोठडी, मग कोलूला जुंपून तेल गाळणं, मग जंगलतोड. वर्षं गेल्यावर चांगल्या वागणुकीचं तिकीट मिळालं, जमिनीचा तुकडा मिळाला, कैदी बाईशी लग्न लावून दिलं. ती उत्तरेकडची. तिनं काय केलं होतं, मी विचारलं.

"औरतों का गुनाह इस घर में नहीं पूछते," नानी म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

मग त्या बोलल्या ते मी शक्य तितकं त्यांच्याच क्रमानं सांगते.

येसबाची शिक्षा संपली. सुटकेचा कागद मिळाला. बायको आणि लहान पोरगा, म्हणजे नानींचा बाप, इथं ठेवून तो मुलुक बघायला निघाला. मुलुक म्हणजे आपली बाजू. तिथली म्हातारी माणसं अजून असंच म्हणतात. जहाज, रेल्वे, मग कोल्हापूरपासून चालत. वाडीत पोचला तो भाद्रपदात. थोरल्या घरासमोर पत्रावळी मांडलेल्या, खिरीचा वास सुटलेला. तो अंगणात उभा राहिला. दाढी वाढलेली, त्यामुळं कुणी ओळखलं नाही. गोसावी असेल असं वाटलं असणार. आत त्याचा भाऊ एकेकाचं नाव घेऊन पितरांना जेवायला बोलावत होता. आज्याचं घेतलं, बापाचं घेतलं, आणि मग येसबाचं घेतलं.

"अपना नाम सुना," नानी म्हणाल्या. "मरे हुओं में. तो बोल पड़े, मैं तो यहाँ खड़ा हूँ."

भाऊ बाहेर आला. ओळख पटली. आणि मग त्यानं सांगितलं, तुला आम्ही जाळलाय. काळ्या पाण्यावर गेलेला माणूस परत येत नाही असं धरून भावकीनं पळसाच्या पानांचा पुतळा केला होता, त्याला येसबाच्या नावानं अग्नी दिला होता, दिवस घातले होते, बायकोचं कुंकू पुसलं होतं. मेलेला माणूस घरात कसा घ्यायचा? विधी झाला तो झाला.

"बीवी बाहर आयी. हाथ में पत्तल. माथा कोरा. पहचान गयी. आँगन में पत्तल रखी और जब तक खाया, खड़ी रही."

"आणि त्यांनी खाल्लं?" मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"खाया. बोलते थे, भूख लगी थी. और खीर अच्छी बनी थी."

मच्छीवाला कधीच उठून गेला होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. नानींनी चष्मा पुसला.

"फिर वापस आ गये. पहली बार सरकार ने भेजा था काले पानी. दूसरी बार अपने मुलुक ने." आणि दाराकडं बोट केलं. "आते ही मेरी दादी को बोले, इस घर में कोई भी आये, पहले अंदर लेना. नाम बाद में पूछना."

तो कधी गेला, हे नानींना नक्की माहीत नाही. पावसाळ्यात, एवढंच. जिथं जाळला तिथून आता रस्ता गेलाय. निघताना मी दाराचा फोटो काढला. नानींनी मला सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या बांधून दिल्या. मागच्या अंगणातल्या नारळाच्या. येसबानं लावलेल्या झाडांची ही पुढची पिढी. "वहाँ खीर में डालना," म्हणाल्या.

परतीच्या बोटीत मी तात्यांचं बोलणं आठवत बसले. लहानपणी नाव घ्यायचे, मग एका साली बंद केलं. चोर म्हणून वगळलं असतं तर पहिल्यापासूनच वगळलं असतं की! चोराचं नाव तर वर्षानुवर्षं घेतलं होतं. बंद झालं ते तो येऊन गेल्यावर. कारण जित्या माणसाचा म्हाळ घालत नाहीत. म्हणजे तो जिवंत आहे हे भावकीला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही शंभर वर्षं सांगत आले, की चोर होता म्हणून नाव घेत नाही.

खोबरं

विमानतळावर सॅक उघडायला लावली. सुकं खोबरं विमानात चालत नाही. पेट घेतं म्हणे. मी भांडले. कोल्हापुरात खोबऱ्याशिवाय मसाला होत नाही, आमच्या घरात डबेच्या डबे भरलेत, एकदाही पेटलं नाही, असं सगळं बोलून झालं. तो तरुण शिपाई नुसता मान हलवत होता. शेवटी चारही वाट्या पिंपात गेल्या. येसबाच्या अंगणातली तेवढी एक वस्तू मुलुकाला येणार होती, तीही आली नाही.

म्हाळ

वाडीत पोचले तेव्हा पंधरवडा लागला होता आणि दुसऱ्याच दिवशी भावकीचा म्हाळ होता. आधी तात्यांच्या घरी गेले. आतबाहेर दोन खोल्या, वर पत्रा. सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

"जुगार?" तात्या म्हणाले.

"व्हय तात्या."

त्यांनी खांद्यावरचा पंचा मांडीवर घेतला. मग, "त्या बेळगावच्या माणसाचा हात मोडला. बिचारा." आणि मग एकदम, "माझ्या पणजीनं वळिकलं व्हतं?"

"व्हय. पान तिनंच आणलं."

"आणि आत बोलीवला न्हाई."

"न्हाई."

तात्यांनी तोंडावर पंचा धरला. सून चुलीपुढून उठून आली, मी काय केलं म्हणून माझ्याकडं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी थोरल्या घरी गेलो. अंगणात ट्रॅक्टर उभा, सोप्यात माणसं, वड्यांचा वास. येसबाच्या हिश्श्याची ओढ्याकाठची जमीन ह्याच घराच्या बांधात आहे, तात्यांकडं माळावरचा तुकडा, एवढं येताना तात्यांनी दाखवलं होतं; पुतळा जाळला की माणूस मेला आणि माणूस मेला की वाटणी आपल्या मनाजोगती, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. शंकरआबा खुर्चीत होते.

"काय गं पोरी? घावला काय आमचा देशभक्त?"

दोनतीन जण हसले.

"चोरच होते, आबा. घर फोडलं, माणसाला मारलं. खोटं सांगत नाही."

"मग मिटलं की. बस, जेव."

"पण ते परत आले होते. म्हाळाच्याच दिवशी. ह्या अंगणात."

मला वाटलं होतं, आबा विचारतील, कोण म्हणतंय? काय पुरावा? मी उत्तरं तयार ठेवली होती. आबांनी ते विचारलंच नाही. हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले,

"उपाशी न्हाई घालीवला त्येला. जेवाय घातलं व्हतं."

वाढणारी बाई वड्यांचं ताट तसंच धरून उभी राहिली.

"तुला ठावं व्हतं, शंकरा?" तात्या म्हणाले.

"आज्यानं सांगिटलेलं. घरातल्या घरात ठेवा म्हंटलेलं."

"मग चोर म्हणून वगळला म्हणून का सांगत आलासा?"

"मग काय सांगू?" आबांचा आवाज चढला. "जित्या भावाला जाळला म्हणून सांगू? दारात आल्याला माघारी लावला म्हणून? तो येऊन गेल्यावर नाव घ्यायचं कसं, जित्याचं? आणि मेला कवा त्ये कुणाला ठावं? ऱ्हायलं त्ये ऱ्हायलं."

"आता ठावं झालं. मेलाय त्यो. आता घे."

आबांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. त्या क्षणी ते घेतील असं मला खरंच वाटलं. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण पंगतीत नातीच्या सासरचे पाव्हणे बसले होते.

"पाव्हण्यांच्या म्होरं नगं, दत्तू," ते हळू बोलले. "फुडल्या साली बघू."

मी तोंड उघडलं. माझ्याकडं शब्दांचा तोटा कधीच नसतो. तात्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. ह्ये काय मोर्चा न्हाय."

आत नावं घ्यायला सुरुवात झाली. तात्या शेवटच्या नावापर्यंत ऐकत उभे राहिले, कान पुढं करून. येसबाचं आलं नाही. मग ते पायरी उतरले. भरल्या म्हाळातून न जेवता उठून जाणं आमच्याकडं साधी गोष्ट नाही. कुणी हाक मारली नाही.

घरी सुनेनं थोडी खीर केली होती. खोबऱ्याची गोष्ट मी सांगून टाकली होती. ती म्हणाली, असू दे, गूळ घातलाय चांगला. तिनं एक पान वाढलं आणि ठेवायला पत्र्यावर निघाली, कावळ्यासाठी ठेवतात तसं.

"खाली आण त्ये," तात्या म्हणाले. "भाईर जेवाय घालून झालंय त्येला एकदा."

त्यांनी स्वतः आतल्या खोलीत, मधोमध, पाट मांडला. पान ठेवलं, तांब्या भरून ठेवला. मग जाऊन दारात उभे राहिले, अंगणाकडं तोंड करून. मोठ्यानं नाव घेतलं. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली, एवढ्या मोठ्यानं.

"येसबा. आत या. पाय तसंच असू द्यात."

अंगणात कुणी नव्हतं. कोंबड्या होत्या. खीर निवली, तिच्यावर साय धरली. शेजारची माणसं थोडा वेळ बघून आत गेली. थोरल्या घराकडून जेवून परतणारे पाव्हणे रस्त्यानं गेले, त्यांनी मान वळवली आणि पुढं चालायला लागले. तात्या चौकट धरून उभेच. पाऊस आला, तसा वळचणीचा ओघळ उंबऱ्यावरून आत यायला लागला.

"मामंजी, दार ओढून घेऊ का?" सून म्हणाली. "पाणी आत यालंय."

"येऊ दे," तात्या म्हणाले. "दार लावू नगं. लई लांबनं यायचं हाय त्येला."